डोक्यावरच्या टिंबाची कुळकथा

‘पंचगंगा’ हा शब्द जरा सावकाश म्हणून पाहा. कागदावर दोन टिंबं आहेत, दोन्ही एकाच आकाराची. तोंडात मात्र पहिल्या टिंबाला जीभ टाळूला चिकटते, तर दुसऱ्याला जिभेचा मागचा भाग वर जाऊन घशाजवळ टेकतो. पहिलं टिंब म्हणजे ञ, दुसरं म्हणजे ङ. मराठीत ही दोन अक्षरं सुटी क्वचितच लिहावी लागतात. बाराखडीच्या तक्त्याबाहेर ती पाहिल्याचंही अनेकांना आठवणार नाही. पण कोल्हापूरकर नदीचं नाव घेताना दोन्ही रोज उच्चारतो.

याच नजरेनं जिल्ह्याचा नकाशा वाचता येतो. रंकाळा आणि गडहिंग्लज यांच्या टिंबात ङ आहे, इचलकरंजीच्या टिंबात ञ, चंदगडच्या आणि बिंदू चौकाच्या टिंबात न. पंचगंगेला मिळणाऱ्या कुंभीत आणि अंबाबाईत म आहे. राहिला ण. तो जेवायला बसल्यावर सापडतो: तांबड्या रश्श्याच्या टिंबात ओठ मिटतात, पांढऱ्या रश्श्याच्या टिंबात जीभ वर वळते. तांबडा आला ताम्रापासून, पांढरा आला पाण्डुरापासून, आणि मूळ शब्दांतले म् आणि ण् दोन्ही वाट्यांत शाबूत आहेत.

यांत कुठेही आपण ठरवून काही करत नाही. टिंबाच्या पुढे जो व्यंजनाचा वर्ग येतो त्या वर्गाचा नाकातला आवाज तोंड आपणहून निवडतं. संस्कृत व्याकरणात याला परसवर्ण म्हणतात. अनुनासिकाची पाणिनीनं केलेली व्याख्याही सरळ आहे: मुख आणि नाक या दोहोंनी मिळून जो उच्चारला जातो तो. टाळूच्या मागचा मऊ भाग बोलताना एरवी वर उचललेला असतो आणि नाकाची वाट बंद ठेवतो. तो खाली आला की हवा नाकातूनही जाते. सर्दीनं नाक चोंदलं की ‘मामा’चा ‘बाबा’ होतो, कारण म आणि ब यांच्यात ओठांचं काम एकच आहे, फरक फक्त नाकाच्या वाटेचा.

पण टिंबापुढे य, र, ल, व, श, स, ह यांपैकी काही आलं तर? या अक्षरांच्या वर्गात नाकातला सोबती नाही, म्हणून प्रत्येक भाषेनं आपली सोय आपण पाहिली. हिंदी बोलणारा ‘संस्थान’ या शब्दात सरळ न घालतो: सन्स्थान. मराठी बोलणारा तिथं ओठ गोल करून नाकातला व काढतो. ‘करवीर संस्थान’ मोठ्यानं म्हणून पाहिलं की ‘सौंस्थान’च्या जवळपास काहीतरी ऐकू येतं. सिंह, मांस, हंस, वंश, संशय, संसार या सगळ्यांत हाच व लपलेला आहे. ‘संयम’मध्ये त्याच जागी नाकातला य येतो. मराठी माणूस अस्खलित हिंदी बोलत असला तरी ‘संसार’ म्हणताना ओळखू येतो, आणि हिंदीभाषक उत्तम मराठी बोलत असला तरी ‘संवाद’ म्हणताना. ‘ज्ञ’चंही तसंच आहे. एकाच संस्कृत जोडाक्षराचं मराठीत द्न्य झालं, हिंदीत ग्य, गुजरातीत ग्न. तीन भाषांनी नाकाला तीन वेगवेगळे शेजारी दिले.

ही झाली शब्दाच्या पोटातली टिंबं, म्हणजे अजून जिवंत असलेली. कुळकथा रंगते ती शब्दाच्या शेवटी बसणाऱ्या टिंबांपाशी, कारण तिथं एक अख्खं घराणं होतं आणि ते आपल्या डोळ्यांसमोर पांगलं.

श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी कोरलेला मराठी मजकूर शाळेत सगळ्यांनी वाचलेला असतो. तो १०व्या शतकातला की १२व्या, यावर अभ्यासकांचे वाद आहेत, पण त्यातले शब्द स्पष्ट आहेत: ‘चावुण्डराजें करवियलें’. चावुंडराजानं करवलं. दोनच शब्द, आणि दोन्हींच्या अखेरीस टिंब. दोन्ही टिंबं सारखी दिसत असली तरी त्यांची कुळं वेगळी आहेत. ‘राजें’मधलं टिंब संस्कृतातल्या तृतीयेच्या ‘-एन’मधून आलं. त्यातला न् झिजला आणि जाताना आपला आवाज आधीच्या स्वराला देऊन गेला. ‘करवियलें’मधलं टिंब आलं नपुंसकलिंगाच्या म् मधून.

जुन्या मराठीच्या जवळजवळ प्रत्येक अखेरच्या टिंबामागं असा एखादा म् किंवा न् उभा आहे. सुवर्णकम् चं प्राकृतात सोण्णअं झालं, मराठीत ‘सोनें’. गुजरातीत त्याच वाटेनं ‘सोनुं’ झालं. कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, सोनं घेणाऱ्याच्या आणि अहमदाबादेत ते विकणाऱ्याच्या तोंडी एकच जुना म् दोन स्वरांत विरघळलेला आहे. गृहाणि या अनेकवचनाचं घराइं, मग ‘घरें’. कर्तुम् चं ‘करूं’. मया चं मइं, मग ‘मीं’. अस्माभिः चं अम्हेहिं, मग ‘आम्हीं’. दारीं, घरीं यांतलं टिंब सप्तमीचं, तेही अपभ्रंशातल्या ‘-हिं’कडून आलेलं. आणि देवानाम् या षष्ठीच्या अनेकवचनाचं देवाणं, मग ‘देवां-’. हे शेवटचं उदाहरण लक्षात ठेवावं. बाकीची भावंडं गेली, हे एकटं अजून कामावर आहे.

त्या काळी ही टिंबं शोभेची नव्हती. त्यांच्यावर व्याकरण चालत होतं. ‘चांगले’ म्हणजे पुष्कळ पुरुष, ‘चांगलें’ म्हणजे एक मूल. ‘चांगली’ म्हणजे एक मुलगी, ‘चांगलीं’ म्हणजे पुष्कळ मुलं. ‘मी जातो’मध्ये मी कर्ता आणि प्रथमेत, ‘मीं केलें’मध्ये तोच तृतीयेत. फरक सांगायला दुसरं काही नव्हतं, फक्त नाकातून गेलेली थोडी हवा. मोल्सवर्थचा कोश १८३१ साली निघाला, दादोबा पांडुरंगांचं व्याकरण १८३६ साली. त्या छपाईत तळें, केळें, वासरूं असे शब्द टिंब डोक्यावर घेऊनच येतात.

शब्दाच्या मध्यभागी मात्र वेगळीच गंमत झाली. पञ्च, दन्त, कण्टक, शृङ्खला यांतलं नाक मराठीनं सोडून दिलं आणि आधीचा स्वर लांबवला: पाच, दात, काटा, साखळी. चन्द्र, भाण्ड, स्कन्ध, बन्ध, कुम्भकार यांतलं ठेवलं: चांदणं, भांडं, खांदा, बांधणं, कुंभार. पुढचं व्यंजन अघोष आणि स्वर दीर्घ असेल तर नाक बहुतेक वेळा गळतं. पुढे ग, ज, ड, द, ब यांसारखं घोष व्यंजन असेल तर टिकतं. या झिजेचा पहिला पद्धतशीर हिशेब मांडला झ्यूल ब्लोख या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञानं. मराठीच्या घडणीवरचा त्याचा ग्रंथ १९२० साली पॅरिसमध्ये निघाला. हिंदीनं पाँच, दाँत, काँटा असं नाक राखलं. कोंकणीनंही पांच, दांत राखले. मराठीत लिहिताना मात्र पांच, दांत, कांटा, वांकडा ही टिंबं उच्चार गेल्यावरही शतकभर चालू राहिली. ती आता आवाजाची खूण नव्हती, वंशावळीची होती.

नाकातल्या दोन आवाजांची अदलाबदलही प्राकृतातून मराठी घडण्याच्या काळातली. प्राकृताचा जुना वैयाकरण वररुची सांगतो की न चा सगळीकडे ण होतो. मराठीनं हा नियम अर्धा पाळला. एकटा पडलेला न वळून ण झाला: पानीय चं पाणी, मानुष चा माणूस, भगिनी ची बहीण, जन चा जण. उलट जिथं मुळात ण होता आणि तो जोडाक्षरात होता, तिथं मराठीत न आला: कर्ण चा कान, पर्ण चं पान, चूर्ण चा चुना, उष्ण चं ऊन, अरण्याचं रान. म्हणजे संस्कृतातला न मराठीत ण होऊन बसला आणि संस्कृतातला ण न होऊन.

ल आणि न यांच्यातही देवघेव झाली. निम्ब चा लिंब झाला, नवनीताचं लोणी झालं, म्हणजे न जाऊन ल आला. लाङ्गलाचा नांगर झाला आणि ललाटाचं निढळ, म्हणजे ल जाऊन न आला. निढळाचा घाम गाळून नांगर चालवणाऱ्याच्या तोंडी हे दोन्ही ल हरवलेले आहेत. हे फक्त आपल्याकडे झालं असंही नाही. चिनी भाषेच्या मँडरिन गटात न आणि ल यांच्यातली भिंत बेजिंगमध्ये पक्की आहे, सिचुआन आणि वुहानकडे ती ढासळलेली आहे. ‘दक्षिण’ या अर्थाचा नान आणि ‘निळा’ या अर्थाचा लान हे दोन शब्द बेजिंगच्या रेडिओवर वेगळे ऐकू येतात, सिचुआनमधल्या चंगतूच्या बाजारात एकसारखे. शब्दाच्या अखेरीलाही तीच तऱ्हा. ‘सोनं’ या अर्थाचा जिन न् वर संपतो, ‘राजधानी’ या अर्थाचा जिंग ङ् वर. दक्षिणेकडच्या अनेक मँडरिन बोलींत आणि तैवानच्या बोलण्यात हे दोन्ही एकमेकांत मिसळतात. शिआनच्या बाजूला अखेरचा न् सुटा ऐकूच येत नाही, स्वर तेवढा नाकातून निघतो. ‘चावुण्डराजें’मध्ये झालं तेच.

चिनीत त्याआधीचा एक टप्पाही नोंदलेला आहे. झोऊ दचिंग यानं १३२४ साली रचलेल्या यमकांच्या कोशात म् वर संपणारे शब्द अजून वेगळे मांडलेले आहेत. पुढे उत्तरेत तो म् न् मध्ये विरला. आज बेजिंगमध्ये ‘तीन’ला सान म्हणतात, हाँगकाँगमध्ये मात्र अजून साम. एका टोकाला ओठ मिटतात, दुसऱ्या टोकाला मिटत नाहीत. खुद्द ‘मँडरिन’ हे नावही नाकाच्या प्रवासाचंच आहे. संस्कृतातला मन्त्रिन् मलाय भाषेत गेला, तिथून पोर्तुगिजांनी उचलला आणि चिनी अधिकाऱ्यांना लावला. पोर्तुगिजांनी तो लिहिला तेव्हा शेवटी म हे अक्षर घातलं, पण ते ओठ मिटायला नव्हे. पोर्तुगीज लिपीत अखेरचा म म्हणजे स्वर नाकातून काढा, एवढाच इशारा.

तोच इशारा गोव्यात रोमी लिपीतल्या कोंकणीला मिळाला. आभार मानताना गोव्यात ‘देव बरें करूं’ म्हणतात. रोमी लिपीत लिहिताना ‘बरें’ आणि ‘करूं’ या दोन्ही शब्दांच्या अखेरीस म येतो, आणि देवनागरीत लिहिताना त्याच जागी टिंब. हजाराहून अधिक वर्षांपूर्वी ज्या म् ची झीज होऊन टिंब झालं, तो म् पोर्तुगीज छापखान्यातून फिरून पुन्हा आपल्या जुन्या जागी येऊन बसला. कोंकणीत तें आणि ते वेगळे, बरीं आणि बरी वेगळ्या. जुन्या मराठीतला सगळा कारभार तिथं अजून चालू आहे.

कोल्हापूर जिल्हा मराठी आणि कोंकणी यांच्या सीमेवर बसला आहे. चंदगड तालुक्याच्या एका अंगाला बेळगाव आहे, दुसऱ्या अंगाला तिलारीचा घाट उतरलं की दोडामार्ग आणि पुढे गोवा. तिथल्या बोलीला चंदगडी असं वेगळं नावच आहे, आणि मराठी, कोंकणी, कन्नड या तिन्हींचा शेजार तिला आहे. गगनबावड्याचा करूळ घाट उतरा किंवा राधानगरीवरून फोंडा घाट, खाली गेलं की ‘कुठं’चं ‘खंय’ होतं आणि नाक बोलण्यात भाग घेऊ लागतं. घाटाच्या वर तसं नाही. ‘सोनें’, ‘केलें’, ‘कुठें’ यांच्या शेवटचा नाकातला आवाज देशावरच्या बोलण्यातून कधीच ओसरला होता.

मग त्याचं काम कोणी केलं? इथं भाषेनं जी युक्ती केली ती व्याकरणाच्या पुस्तकांच्या आधीची आहे. नाकातून काढलेला स्वर तोंडात थोडा सैल होतो, उघडतो. फ्रेंचमध्ये हे लख्ख दिसतं: ‘शेवट’ या अर्थाच्या शब्दात मूळ स्वर इ आहे, पण तो नाकात गेल्यावर ॲ च्या जवळ पोचला. मराठीत ‘केलें’मधला एकार असाच उघडत उघडत अकारापाशी आला. नंतर नाक बंद झालं, पण उघडलेला स्वर तसाच राहिला: केलं, सोनं, कुठं, त्यानं, पुढं, मागं. ज्या एकारावर कधीच टिंब नव्हतं तो मात्र जागचा हलला नाही. ‘ते गेले’ हे ‘ते गेलं’ झालं नाही, ‘घोडे’ ‘घोडं’ झाले नाहीत. ‘चांगले’ आणि ‘चांगलें’ यांच्यातला फरक पूर्वी नाक सांगत होतं, आता स्वर सांगतो: चांगले, चांगलं.

कोल्हापुरी बोलीत ही वाट सर्वांत मोकळी आहे. पुण्याकडच्या शिष्ट बोलण्यात ‘कुठे’, ‘इथे’, ‘त्याने’ ही पुस्तकी रूपं पुन्हा शिरली. कोल्हापुरात ‘कुठं’ला पर्याय नाही. ‘माझ्याकडं ये’ म्हणताना तर टिंब नसलेल्या ‘कडे’लाही त्याच साच्यात घातलं जातं. हा अकार साध्या अकारापेक्षा लांब असतो. ‘केल’ असं कोणी म्हणत नाही. ही लांबी दाखवायला अक्षर नव्हतं, म्हणून लिहिणाऱ्यांनी जुनंच टिंब उचलून त्यावर ठेवलं. जे टिंब एकेकाळी नाकाची खूण होतं ते आता लांब अकाराची खूण झालं. हा लेखही पहिल्या ओळीपासून त्याच टिंबांनी भरलेला आहे, आणि ती वाचताना एकदाही नाकात बोलावं लागलेलं नाही.

लिहिण्याचा कायदा या सगळ्याच्या बराच मागून आला. उच्चार गेलेली टिंबं लिहायची की नाही, यावर १९व्या शतकाच्या अखेरीपासून भांडण होतं. एक बाजू म्हणे, टिंबं शब्दाचं मूळ सांगतात, ती काढली तर भाषेची वंशावळ पुसली जाईल. दुसरी म्हणे, जे बोलत नाही ते पोरांच्या माथी का मारायचं? शाळेत ‘नाहीं’वर टिंब आहे आणि ‘आई’वर नाही, हे पाठ करण्यावाचून मार्ग नव्हता. कानानं काही ठरत नव्हतं.

छंदाचा हिशेब करणाऱ्यांना हा प्रश्न वेगळ्या बाजूनं भेटे. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात अध्यापक असलेल्या माधव जूलियनांच्या ‘छंदोरचने’ची वाढवलेली आवृत्ती १९३७ साली आली. मराठी वृत्तांचा इतका बारीक अभ्यास त्याआधी झाला नव्हता. वृत्तात उच्चारलं जाणारं टिंब अक्षर जड करतं: ‘हंस’ पक्ष्यातला हं गुरू आहे. पण जुन्या लेखनातल्या ‘हंसणें’ या क्रियापदातला हं लघू आहे, कारण ते टिंब नुसतं लिहायचं, बोलायचं नाही. कागदावर एकच अक्षर, मात्रा वेगळ्या. कवितेत कान टिंबावर विश्वास ठेवत नव्हता, हे वृत्तांच्या मोजणीत आधीच दिसत होतं.

महाराष्ट्र राज्य १९६०चं, मराठी साहित्य महामंडळ १९६१चं, आणि महामंडळाचे लेखनाचे १४ नियम १९६२चे. शासनानं ते स्वीकारले. १९७२ साली त्यांत आणखी ४ नियमांची भर पडली. १९६२ सालीच कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ सुरू झालं, म्हणजे तिथं शिकलेल्या पहिल्या पिढीपासूनच परीक्षेचं लेखन नव्या वळणावर येऊ लागलं. नियमांचा गाभा असा: स्पष्ट उच्चारलं जातं तिथं टिंब द्यायचं, जसं आंबा, चिंच, तंटा. नामांच्या अनेकवचनी सामान्यरूपात द्यायचं, जसं लोकांना, घरांपुढे. बाकी मुळातून सिद्ध होवो वा न होवो, द्यायचं नाही. घरें, पांच, करूं, नाहीं, मीं या सगळ्यांची टिंबं एका फटक्यात गेली. पात्राच्या तोंडचं बोलणं लिहिताना मात्र ‘असं केलं, मी म्हटलं’ असं टिंब देण्याची मुभा ठेवली. म्हणजे नाकाचं टिंब काढून टाकलं आणि लांबीच्या टिंबाला दारातून आत घेतलं, तेही बोलीपुरतं. आज कथा-कादंबऱ्यांत आणि मासिकांत ते दारापाशी थांबलेलं नाही.

या नियमांनी भाषा बोडकी केली असं म्हणणारे आजही भेटतात. नियमांचं खरं काम पाहिलं तर ते मृत्यूचा दाखला देण्याचं होतं. घाटावर नाक आधीच गेलेलं होतं. आणि एका ठिकाणी तर टिंब काढल्यानं फायदाच झाला. पूर्वी ‘घरांत’ म्हणजे एका घराच्या आत आणि अनेक घरांच्या आत, दोन्ही एकसारखंच लिहिलं जाई, कारण प्रत्ययातल्या ‘आंत’वरच टिंब होतं. ते गेल्यावर ‘घरात’ एकवचन आणि ‘घरांत’ अनेकवचन असा नवा भेद कागदावर उभा राहिला. ‘बँक’ आणि ‘सँडविच’ यांच्यावर दिसणारी खूणही हिंदीचा चंद्रबिंदू नव्हे. चंद्र ॲ चा आणि टिंब नाकाचं, असं ते मराठी जोडकाम आहे.

आता त्या एकट्या उरलेल्या टिंबाकडे येऊ. देवानाम् पासून आलेलं ‘देवां-’ मधलं टिंब अनेकवचनाचं आहे, आणि मराठीत अनेकवचन म्हणजे मानही. ‘मुलाचा’ पण ‘वडिलांचा’. ‘शाहू महाराजांनी’ म्हणताना राजा एकच असतो, टिंब त्याच्या मानाचं असतं. ‘त्याचा’ आणि ‘त्यांचा’ यांत सगळा फरक एवढ्या टिंबाचा. कोल्हापूरकडच्या खेड्यांतल्या बोलीनं इथंही स्वतःची सोय केली: ‘पोरास्नी’, ‘माणसास्नी’, ‘आमास्नी’. टिंबाला वगळून ‘-स्नी’ हा पूर्ण प्रत्ययच अनेकवचनाची साक्ष देतो, तेव्हा नाक चुकलं तरी ऐकणाऱ्याचा घोटाळा होत नाही. त्याच बोलीत ‘आम्ही’मधला ह गळून ‘आमी’ होतं आणि ‘नाही’मध्ये तो न ला येऊन चिकटतो: ‘न्हाई’. नाकातल्या व्यंजनांच्या आसपास ह असा ये-जा करतो हेही जुनंच. स्नानाचं न्हाणं आणि कृष्णाचा कान्हा त्याच घराण्यातले.

या घराण्याची ओळख नसली की निवाडे चुकतात. खानदेशात, वऱ्हाडात, आगरी-कोळ्यांच्या बोलण्यात ‘पानी’, ‘कोन’ ऐकू येतं. कोल्हापूरच्या गावाकडेही ण आणि न दोन्ही कानावर येतात. शाळेत आणि मुलाखतीत न म्हणणाऱ्याला हसतात आणि त्याच्या भाषेला अशुद्ध म्हणतात. हसणाऱ्याच्या हे लक्षात नसतं की पानीय या मूळ शब्दात न च होता, आणि तो स्वतः ज्याला शुद्ध ‘कान’, ‘पान’, ‘ऊन’ म्हणतो त्या तिन्हींत मूळचा ण त्यानं गमावलेला आहे. झीज हा दोष मानायचा तर शुद्ध म्हणवणारी मराठी सर्वांत आधी दोषी ठरेल. चंगतूच्या माणसाला ‘सोनं’ आणि ‘राजधानी’ यांत फरक करता येत नाही म्हणून बेजिंगमध्ये हसतात, तिथंही हीच गल्लत होते: राजधानीच्या उच्चाराला मूळ समजण्याची. बेजिंगनं स्वतः गमावलेला म् हाँगकाँगनं राखला आहे, हे त्या वेळी आठवत नाही.

म्हणून शिक्षकांनी टिंब शिकवावं, जरूर शिकवावं, पण कान धरून नव्हे, कानावर सोपवून. ‘पंचगंगा’ म्हणायला लावावं आणि जीभ कुठे गेली ते विचारावं. ‘घरात’ आणि ‘घरांत’, ‘त्याचा’ आणि ‘त्यांचा’ लिहायला लावून अर्थ विचारावा. मोबाइलवर घाईघाईनं लिहिताना पहिलं गळतं ते टिंबच, आणि त्याबरोबर कधी अनेकवचन गळतं, कधी समोरच्याचा मान. आज मराठीत टिंबाची कामं तीन आहेत: पुढच्या व्यंजनाचा सोबती होणं, अनेकवचन व आदर सांगणं, आणि ‘केलं’सारख्या शब्दांत लांब अकार दाखवणं. ज्या कामासाठी ते जन्मलं, म्हणजे स्वर नाकातून काढण्यासाठी, ते मात्र घाट उतरून कोकणात आणि गोव्यात करावं लागतं. तिथं ते अजून हजेरी लावून आहे.